बेंबीमागच्या गावचा पांढरा शिपाई

एका गावात एक शिपाई होता. गाव कुठलं म्हणाल, तर लांबचं नाही. बेंबीच्या मागे, पोटाच्या आत, वेटोळी घालून बसलेलं आतड्यांचं गाव. सुंद्री नावाच्या एका पोरीच्या पोटातलं. तिला काही त्याचा पत्ता नव्हता. तुम्हाला तरी तुमच्या पोटातल्या गावाचा कुठे आहे?

गावाला एक भिंत होती, पातळशी, वरून ओलं बुळबुळीत सारवण केलेली. भिंतीच्या अलीकडे रक्ताचा ओढा वाहायचा, आणि त्याच्या काठाला पांढऱ्या शिपायांची चौकी. अंगरख्यापासून मुंडाशापर्यंत सगळे पांढरे. भिंतीच्या पलीकडे जेवणाची वाट, आणि त्या वाटेवर बारीक माणसांची वस्ती. ती इतकी बारीक की डोळ्याला दिसायची नाहीत. आली होती बाहेरूनच, पण सुंद्री रांगत होती तेव्हापासून तिथे राहिलेली. पोरीला न पचलेला कोंडा आणि भाजीचे देठ ती आपल्या चुलीवर शिजवायची, आणि त्यातला घास भिंतीला भरवायची. त्या घासावर भिंत उभी होती.

चौकीत एक म्हातारी होती. तिची बोटं भारी लांब. भिंतीच्या बारीक सांध्यातून ती बोट पलीकडे घालायची, वाटेवरून जाणाऱ्याला हळूच लावायची आणि चाखून बघायची. मग एकतर म्हणायची, "आपलं," नाहीतर म्हणायची, "काढा!" ती "काढा" म्हणेपर्यंत काठी उचलायची नाही, अशी चौकीची रीत होती.

एकदा सुंद्रीने जत्रेत घाण पाण्याचा बर्फगोळा खाल्ला. म्हातारीने बोट लावलं आणि किंचाळली, "काढा!" शिपाई सांध्यांतून पलीकडे धावले. मोठी मारामारी झाली. शत्रू संपले, पण आपल्या शिपायाचा थोरला भाऊ शत्रूला गिळता गिळता तिथेच गेला.

तेव्हापासून शिपायाच्या जिवाला थारा नव्हता. बसला की उठायचा, उठला की भिंतीला कान लावायचा. पलीकडे कोणी खाकरलं तरी काठी घट्ट धरायचा. सोबतचे म्हणायचे, "अरे, जरा टेक की!" तो म्हणायचा, "टेकलो आणि तेवढ्यात कोणी घुसलं तर?"

एके दिवशी सुंद्रीच्या आईने तिला वाटीभर ताक दिलं. ताकाबरोबर नवी बारीक माणसं वाटेवर उतरली, बोलत, ढकलत, गलका करत.

"आजी, आवाज ऐकलास? किती जण आहेत बघ!"

"थांब रे, चाखते."

"लवकर सांग!"

"जिभेला लागू तर दे आधी."

"त्या दिवशीही तू चाखतच बसली होतीस," शिपाई ओरडला, "आणि माझा भाऊ गेला!"

म्हातारीचं बोट तिथल्या तिथे थांबलं. तेवढ्यात शिपायाने हाकाटी केली. आता हाकाटी ऐकल्यावर विचारायला कोण थांबतं? सगळे शिपाई धावून आले. काठ्या चालल्या, जळजळीत पाणी फवारलं गेलं. नव्यांबरोबर वस्तीतल्या जुन्यांनाही झोडपलं.

वस्तीतली एक बाई चूल सोडून पुढे आली. "अहो शिपाईदादा, आम्ही इथलीच! तुमच्या भिंतीला रोज घास कोण देतं?"

"चोरसुद्धा असंच बोलतो," शिपाई म्हणाला, आणि तिच्या चुलीवर पाणी ओतलं.

पण जळजळीत पाण्याला आपला-परका कळत नाही. भिंतीचं सारवण भाजून निघालं. वस्ती पांगली, घास बंद झाला, तशी भिंत ठिकठिकाणी उकलली. फटीतून काहीबाही झिरपू लागलं. ते बघून शिपायाने पुन्हा हाकाटी केली. पुन्हा मारामारी, पुन्हा जळजळीत पाणी, आणखी फटी.

वर सुंद्री पोट धरून बसली. ताट पुढे आलं की मान फिरवायची.

"काय होतंय गं बाय?" आईने विचारलं.

"आतून कोणीतरी भांडतंय," पोर म्हणाली. तिचे गाल बसले होते.

इकडे शिपायाला फटीतून काहीतरी आत येताना दिसलं. त्याने धावत जाऊन काठी घातली. म्हातारीने ती उचलायला लावली. काठीखाली मऊ भाताचा कण होता.

"कोणाला मारलंस? पोरीचा घास मारलास," म्हातारी म्हणाली. "आता कुठे दोन घास तिने कसेबसे गिळले होते."

शिपाई घाबरा झाला. "मग शत्रू कुठे आहे?"

"शत्रू? तो तुझ्या भावाच्या हातून तेव्हाच संपला. त्यानंतर एकही आला नाही रे. ही भिंत आपणच फोडली. अशी आणखी फुटत राहिली, तर ती पोर उरायची नाही."

शिपाई मटकन बसला, आणि लगेच उठला. "मी बांधतो भिंत."

"तुला बांधता येत नाही. वस्तीतल्यांना येतं. त्यांना परत येऊ दे."

"आणि मी काय करू?"

"नुसता उभा राहा. मी सांगेपर्यंत."

नुसतं उभं राहणं त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने पोरीला मांडीवर घेतलं आणि ताक-भात कालवून भरवला. पुन्हा तोच गलका. माणसं फटीच्या अगदी जवळून जाऊ लागली. एकाचा खांदा फटीत उभ्या असलेल्या शिपायाच्या काठीला घासला. शिपायाने ओठ दाताखाली धरला.

म्हातारी चाखत होती, सावकाश.

"आपलं," ती म्हणाली. मग पुन्हा, "आपलं. हेही आपलं." आणि एकदम, "काढा! तो मागचा, त्या दोघांच्या मधला!"

शिपायाने काठी मारली, ती बरोबर त्या एकालाच. डावी-उजवीकडच्यांना धक्काही लागला नाही. ते घाबरून त्याच्याकडे बघत राहिले. त्याने काठी खाली घेतली आणि बाजूला सरकून त्यांना वाट दिली.

हळूहळू वस्तीत चुली पेटल्या. भिंतीला घास मिळाला. सारवण ओलं झालं. फटी मिटल्या. एके दिवशी सुंद्रीने ताट स्वतःकडे ओढलं आणि म्हणाली, "आई, भात वाढ की गं!"

शिपाई काही शांत झाला नाही. अजूनही तो भिंतीलगत येरझारा घालतो, भावाची आठवण आली की काठीवरची मूठ आवळतो. पण काठी उचलायच्या आधी म्हातारीकडे वळून विचारतो, "आजी, कोण आहे?" आणि तिने उत्तर देईपर्यंत तळमळत का होईना, थांबतो.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: राखणदाराच्या अंगात जोर तर हवाच, पण समोर कोण आहे हे विचारण्याएवढा धीरही हवा, नाहीतर भीतीच्या भरात तो नेमकं तेच मोडून ठेवतो, जे त्याला राखायचं असतं.