घरामागचा खड्डा

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी म्हणाल, तर तेव्हा गाढवं बोलायची आणि माणसं त्यांचं ऐकत नसत. पोरांनो, तुम्ही पुढं बसा. थोरांनी मागं बसून जांभया दिल्या तरी चालेल, कारण गोष्ट त्यांचीच आहे.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथं म्हाळू नावाचा बुरूड राहायचा, बांबूच्या पाट्या आणि सुपं विणणारा. तो आणि त्याची बायको ठकू, घरात दोघंच. घरात म्हणतो खरा, पण घर कुठलं? वीस वर्षं ती दोघं एका शेतकऱ्याच्या गोठ्याच्या पडवीत राहत होती.

होळी झाल्यावर शेतकरी म्हणाला, "म्हाळबा, यंदा दोन म्हशी घेतोय. पावसाच्या आत पडवी मोकळी करून दे." माणूस वाईट नव्हता. पण म्हशींना जागा हवी होती.

गावानं कडेला जमिनीचा एक तुकडा दिला. म्हाळूच्या गाठीला होतं ते वाशांत आणि एका दारात संपलं. तेव्हा भिंती मातीच्या आणि मजूर घरचेच, असं ठरलं. अंथरूण पाहून पाय पसरायचे, तर यांचं अंथरूण एवढंच होतं.

गावात भिवा नावाचा म्हातारा गवंडी होता. त्याचे हात थकले होते, जीभ थकली नव्हती. तो येऊन जागा बघून गेला आणि सांगून गेला, "माती तळ्याची आणायची, ती चिकट असते. भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा, घालून तुडवायची, तीन दिवस मुरू द्यायची. हातभर थर चढवला की वाळू द्यायचा, मग दुसरा. आणि एक ध्यानात ठेव. घरापासून वीस पावलांच्या आत कुदळ लावायची नाही. घराजवळचा खड्डा पावसाळ्यात घराखाली शिरतो."

तळं अर्ध्या कोसावर होतं. माती वाहायला कुंभाराचं गाढव ठरलं, दिवसाला एक पाटी या भाड्यानं. म्हणजे बघा, दिवसभर माती वाहायची, चिखल तुडवायचा, थर लिंपायचा, आणि तिन्हीसांजेला हात धुऊन पुन्हा पाटी विणायला बसायचं. नाहीतर उद्या गाढव नाही. ठकूच्या टाचांना भेगा पडल्या. म्हाळूच्या तळहाताचे फोड फुटले, त्यांवर पुन्हा फोड आले. आधी ती दोघं काम करताना बोलायची, मग नुसती हं-हूं करायची, पुढं पुढं तेही बंद झालं.

ज्येष्ठ लागता लागता तीन भिंती उभ्या राहिल्या. मागची राहिली. तिला अजून नऊ दिवसांची माती लागणार होती.

त्या दुपारी म्हाळू मट्कन खाली बसला. बसल्या बसल्या त्याची नजर घराच्या मागच्या जमिनीवर गेली. तीही मातीच होती, आणि चार पावलांवर होती.

"ठकू, आपण तळ्यापर्यंत का मरतोय? इथली माती काय वाईट आहे?"

"भिवाबाबांनी नको म्हणून सांगितलंय," ठकू म्हणाली.

"त्यांना सांगायला काय जातंय? वाहतंय कोण?"

ठकूनं पाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "करा तुम्हाला करायचं ते."

गाढव बाजूला उभं होतं. ते म्हणालं, "म्हाळबा, माझं ऐकशील का? दोन दिवस पडून राहा. पोटभर झोप. मग कुठली माती घ्यायची ते ठरव."

"पाऊस तोंडावर आलाय आणि झोपू? गाढव ते गाढवच."

"आहेच मी गाढव," ते म्हणालं. "पण दमलो की मी जागचा हलत नाही, मग काठी घाला नाहीतर गूळ दाखवा. तुम्ही माणसं दमलात की नेमकं तेव्हाच काहीतरी ठरवायला घेता."

गाढवापुढं वाचली गीता असं आपण म्हणतो. इथं गाढवानं वाचली आणि माणसानं कान हलवले. म्हाळूनं त्याला कुंभाराकडं परत पाठवलं आणि घरामागं कुदळ मारली.

नऊ दिवसांची माती दोन दिवसांत निघाली. भिंत सरसर चढली, वर छप्पर आलं, दार बसलं. मिरग निघाला त्याच्या आदल्या दिवशी दोघं घरात आली आणि भाकरी न खाताच झोपली. मागं पुरुषभर खोल खड्डा तसाच राहिला. "बुजवू सवडीनं," म्हाळू म्हणाला होता.

पावसाला कसली आलीय सवड? आठ दिवसांत खड्डा तुडुंब भरला. पाणी तिथं कोंडून बसलं आणि हळूहळू भिंतीच्या मुळात झिरपायला लागलं. आषाढात मागच्या भिंतीला खालून पोट सुटलं. म्हाळू रोज तिच्यावरून हात फिरवायचा आणि ठकूशी काही बोलायचा नाही. ठकूलाही ते दिसत होतं.

एका दुपारी ठकू पीठ मळत होती आणि भिंत गेली. कडाडून पडली म्हणावं तर तसंही नाही. ती खालून विरघळली होती, ती नुसती बसली आणि मागचं छप्पर घेऊन बसली. ठकू दारातून बाहेर पडली म्हणून वाचली. पिठाची परात आत राहिली.

म्हाळू बाजारातून आला तेव्हा ती पावसात उभी होती.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"तुमचं एकट्याचं नाही," ठकू म्हणाली. "मला कळत होतं. त्या दिवशी मी नको म्हणायला हवं होतं. पण नको म्हणायचंसुद्धा त्राण नव्हतं माझ्यात." एवढं बोलून ती रडली. वीस वर्षं पडवीत काढताना रडली नव्हती, ती आपल्या घरासमोर रडली.

परत जायला पडवी नव्हती, तिथं म्हशी रवंथ करत होत्या. तळं भरलेलं, त्यामुळं मातीही नव्हती. चौथ्या बाजूला म्हाळूनं बांबूचे तट्टे विणून लावले आणि तो पावसाळा दोघांनी एका कोपऱ्यात काढला. वाऱ्याबरोबर पाऊस आत यायचा. ठकूला खोकला लागला, तो दसऱ्यापर्यंत हटला नाही.

दसऱ्यानंतर तळं ओसरलं. आता नुसती भिंत घालायची नव्हती, आधी खड्डा बुजवायचा होता, आणि बुजवायला माती हवी ती तळ्यावरूनच. तेव्हा टाळलेल्या नऊ दिवसांचे आता एकोणीस झाले. पाट्याही तेवढ्याच विणायच्या होत्या.

पाचव्या दिवशी दुपारी म्हाळूनं पाटी रिकामी केली आणि तो खाली बसला.

"काय झालं?" ठकूनं विचारलं.

"काही नाही. दमलो."

"खड्डा अजून अर्धासुद्धा भरला नाही. मग उद्याचं कसं करायचं?"

"ते उद्या बघू," म्हाळू म्हणाला. "आज मी काही ठरवणार नाही."

ठकूनं त्याच्याकडं पाहिलं, डोक्यावरची चुंबळ काढली आणि ती त्याच्या शेजारी बसली. बऱ्याच वेळानं दोघं उठली. भिंत त्या वर्षी फार उशिरा पुरी झाली, पण पुन्हा बसली नाही.

बोध एवढाच: दमल्या जिवानं आधी विसावा घ्यावा, निर्णय नंतर घ्यावा.