दोरीच्या आतले घर

फार पूर्वी चंपानगरीत महीपाल राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व एका धान्यव्यापाऱ्याच्या कुळात जन्मला. त्याचे नाव सोमिल. पत्नी खेमा, मुलगा अनुरथ, सून आणि नातवंडे असा त्याचा संसार होता. राहते घर आता खरोखरच अपुरे पडे; पाय पसरला की कुणाला तरी लागे. म्हणून शेजारच्या आपल्याच जागेत नवे घर बांधायचे ठरले.

किती मोठे, यावरून मात्र रोज जुंपे. अनुरथाला बैठकीचे दालन हवे, पाहुण्यांचे हवे, आणि आणखी एक नुसतेच हवे. "लागेल कधीतरी," तो म्हणे. त्याच्या बेताच्या आड एक झोपडी येत होती. तिथे शामा नावाची कुंभारीण आंधळ्या बापाला घेऊन राही. सोमिलाच्या वडिलांनीच तिला राहू दिले होते. आता ऊठ म्हटले की तिला उठावे लागले असते. बापाला घेऊन ती कुठे जाईल, हे कुणी विचारले नाही.

सोमिल मुलाला म्हणाला, "तुला हवे तसे आखून घे. पाया खणण्याआधी काही दिवस आपण त्यातच राहून पाहू."

"उघड्यावर?" सुनेने विचारले.

"उन्हाळाच तर आहे. मांडव घालू."

अनुरथाने हौसेने खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या. शामाची झोपडीही दोरीच्या आत आली. बापाने अडखळू नये म्हणून तिने त्याचा हात धरून दोरी तेवढी चाचपायला लावली.

पहिल्याच दिवशी खेमा वैतागली. "बैठकीत ताटे पोहोचवता पोहोचवता माझे कंबरडे मोडले! चुलीपाशी येऊन जेवा, नाहीतर उपाशी बसा." सगळे चुलीपाशी आले आणि तिथलेच झाले. अनुरथ काही रात्री मोठ्या दालनात ऐटीत एकटा निजला. मग तोही निमूटपणे गोधडी उचलून इकडे आला. पाहुण्यांच्या दालनात कुणाची तरी शेळी रवंथ करीत बसू लागली.

सोमिल अनुरथाला घेऊन दोरीच्या कडेने निघाला. "आपण जेवढे वापरले, तेवढे सांग."

"चूल. ओसरी. निजायची जागा. धान्याची कोठी."

"आणि मला दार असलेली एक खोली," सून मागून म्हणाली. "ती हवीच."

"ती हवीच," सोमिल म्हणाला.

ते पूर्वेच्या टोकाला पोहोचले. झोपडीपुढे आंधळा म्हातारा माती मळत होता आणि शामा मडके थापत होती.

"इथे कुणी राहिले?" सोमिलाने विचारले.

अनुरथाला फार लाज वाटली. "बाबा, माझी दालने ओस पडली," तो म्हणाला, "आणि माणसे राहतात ती जागा मी पाडायला निघालो होतो." त्याने स्वतःच्या हाताने तिथल्या खुंट्या उपटल्या. घर बांधले ते बेताचे, सुनेच्या खोलीसकट.

पुढे बोधिसत्त्व बुद्ध झाल्यावर एका तरुण भिक्षूला आपली कुटी वाढवायची होती आणि त्यासाठी तो शेजारच्या वृद्ध भिक्षूची जागा मागत होता. त्याला ही कथा सांगून शास्ते बुद्ध म्हणाले, "सोमिल मी होतो. अनुरथ तू होतास. आणि तो आंधळा म्हातारा म्हणजे ज्यांना तू आज उठायला सांगतोस, ते. आपल्याला किती पुरते हे जाणण्याला मात्रज्ञता म्हणतात. ती तू एकदा शिकला होतास."