पिंजऱ्यातली साद

माळाला कुंपणं नव्हती तेव्हाची गोष्ट. एका शिकाऱ्याने एक तितर पाळला होता. रोज पहाटे तो त्याचा पिंजरा गवतात ठेवायचा आणि भोवती फासे मांडायचा. पिंजऱ्यातला तितर साद घालायचा. आपलाच कुणी बोलावतोय म्हणून माळावरचे तितर धावत यायचे आणि फाशात अडकायचे. त्यांच्या माना मुरगळून झाल्या की पिंजऱ्यात मूठभर ज्वारी पडायची, आणि तो ती निवांत टिपायचा.

माळ ओस पडत चालला. एका संध्याकाळी एक म्हातारी तितरी झोपडीमागे ठेवलेल्या पिंजऱ्याजवळ आली. "माझी सगळी पिल्लं गेली रे," ती म्हणाली. "एकच उरलंय."

तितर घाईघाईने म्हणाला, "मावशी, फासे त्याचे, हात त्याचे. मी तर स्वतःच कैदेत आहे."

"आणि साद?"

तितर गडबडला. "गप्प बसलो तर तो माझीच मान मुरगळेल. वर उद्या दुसरा तितर आणेल. मग काय फरक पडणार?"

"दुसऱ्याचं दुसरा बघेल," तितरी म्हणाली. "उद्या पहाटे गळा तुझा आहे."

पहाटे फासे मांडून झाले. जवळच गवत हललं. सवयीने साद गळ्याशी आली, पण तितराने चोच घट्ट मिटली. शिकाऱ्याने पिंजऱ्यावर टिचकी मारली, मग काठी आपटली. तरी तितराने चोच उघडली नाही. गवत हलत हलत लांब गेलं.

शिकारी उठला. माना मुरगळणारा त्याचा हात पिंजऱ्याकडे आला, आणि कितीतरी दिवसांनी ते दार उघडलं.