मिठागरातला गोमा आणि गोगलगायीचा चिकटा

एक होता गोमा, खाडीकाठच्या मिठागरात राबणारा. एक होती त्याची बायको बामी, आणि त्यांचा सात महिन्यांचा पोरगा दाया. आणि मिठागरापासून कोसभर आत, डोंगराच्या अंगाला झऱ्यापाशी, एक होती कातकऱ्यांची म्हातारी, चैतीबाय.

चैतीबायच्या मागं हिंडून गोमा वर्षभरात पन्नासेक पाले ओळखायला शिकला होता. गावातले लोक त्याला वैद्यबुवा म्हणायला लागले होते. ते त्याला आवडायचं. जरा जास्तच आवडायचं.

पण वैद्यबुवाच्या घरात काय होतं? बामीचे हात होते.

दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहायचं, लाकडी फळीनं मीठ ओढायचं. तळवे असे फुटले होते की भेगांतून रक्त यायचं. झोपल्या दायावर नुसता हात ठेवला तरी पोर दचकून उठायचं, रडून घर डोक्यावर घ्यायचं. मग सासूनं न्हाऊ घालायचं, सासूनं थोपटायचं. बामी त्याला पदरात गुंडाळून कोपरांच्या आधारानं पाजायची, बोटं लांब धरून.

एका सकाळी दूध पिऊन झालं आणि पोर आपणहून आजीकडं झेपावलं. बामी चुलीकडं तोंड करून बसली.

गोमा उठला आणि झऱ्यावर गेला.

“बाय, खोबरेल झालं, मेण झालं, कोकमाचं तेल झालं. भेग मिटत नाय. आता काय?”

चैतीबायनं केळीच्या बुंध्याशी हात घातला. ओल्या पाचोळ्यातून एक गोगलगाय काढून दगडावर ठेवली.

दोघं बघत बसले… बऱ्याच वेळानं गोगलगाय निघाली. मागं चिकट्याची चकाकती रेघ राहिली. म्हातारीनं ती बोटावर घेतली आणि गोमाच्या मनगटावर लावली. गार लागली. वाळली तसा वर झिरझिरीत पापुद्रा धरला, आणि खालची कातडी मऊ राहिली.

मग तिनं रीत सांगितली. चार दिवस भोपळ्याची पानं खायला घाल, रोज धू, पोट साफ होऊ दे. मग ओल्या केळीच्या पानावर चालव. जे मागं राहील तेवढंच घे. आधी कोपराच्या आत टिपका लावून दिवसभर थांब, एखाद्या अंगाला खाजतं. नाही खाजलं तर भेगेवर लाव. एवढं बोलून तिनं टोपलीत बारा गोगलगायी दिल्या.

चार दिवस थांबेल तो गोमा कसला. वाटेतच त्याला युक्ती सुचली, आणि मिठागरातल्या माणसाला युक्ती सुचली तर ती मिठाचीच सुचणार. गोगलगायीवर मीठ टाकलं की फेस येतो, हे त्यानं लहानपणी खेळता खेळता पाहिलेलं. घरी गेला, मूठभर मीठ मारलं. घटकाभरात वाटी भरली.

ती वाटी त्यानं बामीच्या भेगांवर रिकामी केली.

बामीनं ओठ चावला. सांजेपर्यंत हात सुजून लालबुंद झाले. सासू म्हणाली, आता वैद्याच्या घरी दुसरा वैद्य बोलवा.

दुसऱ्या दिवशी गोमा रिकामी टोपली घेऊन झऱ्यावर आला. झालं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

“बाराच्या बारा?” म्हातारीनं विचारलं.

“बाराच्या बारा.”

म्हातारी उठली. तिनं केळीखालून एकच गोगलगाय आणली.

“हात पुढं कर.”

तळहातावर ठेवताच गोगलगाय आत ओढली गेली, तिच्या तोंडाशी बुडबुडे आले. म्हातारीनं झट्‌दिशी तिला झऱ्याच्या पाण्यात धरलं.

“तुझ्या हातात मीठ मुरलंय. धू. मिठात जाऊ नको. रोज इथं येऊन बस, ती बाहेर येईस्तोवर.”

गोमाचा भाऊ त्याच्या जागी मिठात उभा राहिला. गोमा रोज राखेनं हात घासायचा, झऱ्यात धुवायचा, आणि तळहात पसरून बसायचा. गोगलगाय आतच. तिसऱ्या दिवशी एक शिंग बाहेर आलं. गोमा हरखला, हात हलला, शिंग आत गेलं.

चैतीबाय हसली. “वैद्यबुवा, तुमचा हात फार बोलतो.”

असे किती दिवस गेले, त्यानं मोजले नाहीत. बामीची सूज उतरली, भेगा तशाच राहिल्या. एका सकाळी तो हाताकडं बघतही नव्हता. चुलीकडं तोंड करून बसलेली बामी त्याला दिसत होती… तळव्याला गार लागलं म्हणून त्यानं पाहिलं. गोगलगाय मनगटापासून बोटांपर्यंत चालून गेली होती, शेजारच्या पानावर उतरत होती.

कमरेला वाटी होती. ती त्यानं काढली नाही. तळहात तसाच पसरून, वर ओलं केळीचं पान झाकून तो कोसभर चालत गेला. बांधावरच्या बायांनी विचारलं, काय रे, भीक मागून आलास का? तो हसला नुसता.

त्या दिवशी फक्त बामीच्या कोपराच्या आत टिपका लावला, आणि थांबला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच आला, आणि बामीचा हात आपल्या हातात दाबून धरला. रोज तसंच. मिठात जाताना बामी हाताला फडकी बांधू लागली. माघ सरता सरता भेगा मिटल्या.

एका दुपारी दाया रडत उठला. सासू हातातलं टाकून धावली, तोवर बामीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. पोर एकदा हुंदकलं आणि झोपलं. बामीनं दिवेलागणीपर्यंत हात उचलला नाही. त्या दिवशीचा सगळा स्वयंपाक सासूनं केला.

दुसऱ्या दिवशी गोमा चैतीबायला लुगडं घेऊन गेला. पायाशी बसला.

“बाय, जीव तोच, चिकटा तोच. मी काढला तेव्हा भाजलं. ती हातावरनं गेली तेव्हा भरून आलं… असं काय दिलं तिनं?”

म्हातारी केळीच्या पानाकडं बघत राहिली.

“दिलं कुठं?” ती म्हणाली. “ती आपली चालली होती.”