लाकडी पंडित आणि तळ्याचा तंटा

फार फार वर्षांपूर्वी, राजे लोक आपल्याच मर्जीने सण काढायचे तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक विद्यापीठ होतं. तिथे काव्य, इतिहास, न्याय असल्या पोट न भरणाऱ्या विद्या शिकवत. हसू नका, पुढे ऐका.

एकदा एका परदेशी सुताराने तिथे बोलणारा लाकडी पंडित आणून बसवला. जगातल्या सगळ्या पोथ्या त्याला पाठ. काहीही विचारा, गोड भाषेत उत्तर तयार! शिष्यांची चंगळ झाली. प्रश्न गुरुजींचा, उत्तर लाकडाचं आणि शाबासकी शिष्यांना.

राजाच्या कानावर हे गेलं. तो म्हणाला, "मग गुरू-शिष्य पोसायचे कशाला? पंडित दरबारात आणा आणि विद्यापीठात माझे हत्ती बांधा."

मुख्य आचार्या वयाने थकल्या होत्या, पण जिभेने नाही. त्या म्हणाल्या, "महाराज, तळ्यावरून चाललेला कुंभारांचा आणि मासे धरणाऱ्या भोयांचा तंटा तुम्हाला सुटत नाही. महिन्याभराने पंडिताला विचारा, आमच्या शिष्यांनाही विचारा. मग खुशाल हत्ती बांधा."

राजा कबूल झाला. विद्यापीठात मात्र रणधुमाळी माजली. एक गुरुजी म्हणाले, "जाळा ते लाकूड!" दुसरे म्हणाले, "त्यालाच शिकवू द्या, आपण जरा पडू."

आचार्या कडाडल्या, "चाळीस वर्षं आपण तेच प्रश्न विचारतोय! उत्तर तपासलं, उत्तर देणाऱ्याला कधी काही विचारलं का? आजपासून नियम एकच. पंडिताला हवं ते विचारा. पण त्या उत्तराची झळ ज्याला लागणार, त्याच्यासमोर उभं राहून ते पटवून द्या."

एका शिष्येने आजवर स्वतःचं एकही वाक्य लिहिलं नव्हतं. ती पंडिताकडे गेली. तो म्हणाला, "अर्धं तळं कुंभारांना, अर्धं भोयांना. शास्त्रातही असंच सांगितलं आहे." तिने पोथ्या उलटसुलट चाळल्या. असं वचन कुठेच नव्हतं! तिला स्वतःचीच लाज वाटली. ती उठली आणि थेट तळ्यावर गेली.

भोईण म्हणाली, "अर्धं तळं घेऊन काय करू, पोरी? मासे अंडी घालतात ती पलीकडच्या उथळ पाण्यात. नेमके तेव्हाच हे कुंभार तिथली माती उकरतात."

कुंभार म्हणाला, "आम्हाला काय हौस आहे? आमचे वाडवडील उन्हाळ्यात, तळं आटल्यावर माती काढायचे. पण आता श्रावणातल्या दीपोत्सवाला लाख पणत्या हव्यात, असा राजाचा हुकूम ऐन पावसाळ्यात येतो. पावसात माती वाळत नाही, पणत्या भाजायचा आवा धड पेटत नाही, तरी हुकूम म्हणजे हुकूम."

महिना सरला. भरल्या दरबारात पंडिताने आपला निवाडा सांगितला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ती शिष्या उभी राहिली.

"महाराज, दोष कुंभारांचा नाही आणि भोयांचाही नाही. दोष तुमच्या श्रावणातल्या दीपोत्सवाचा आहे."

राजाने संतापून पंडिताला विचारलं, "माझी चूक आहे?"

"छे छे, महाराज! मुळीच नाही."

"आणि असेल तर?"

"तर नक्कीच आहे, महाराज! किती अचूक ओळखलंत!"

राजा शिष्येकडे वळला. "तुझी जीभ छाटली तर काय म्हणशील?"

ती म्हणाली, "मग बोलता येणार नाही, महाराज. पण मासे तरीही त्याच पाण्यात अंडी घालतील."

राजाने तिला उलटसुलट खोदून विचारलं. कुठे तिने पटवून दिलं, कुठे "हे मला ठाऊक नाही" म्हणाली. पण आपल्या बोलण्यावरून ती तसूभरही हलली नाही. शेवटी राजा सिंहासनावरून खाली उतरला. आता आपलं कसं होणार म्हणून आचार्यांनी डोळे मिटून घेतले.

"दीपोत्सव दिवाळीत होईल, आणि पणत्यांची माती उन्हाळ्यातच काढली जाईल," राजा म्हणाला. "हत्ती आहेत तिथेच राहू देत. माझ्या तोंडावर खरं बोलणारं माणूस जिथे घडतं, ती जागा मोडायची माझी छाती नाही."

कुंभार आणि भोई यांनी मिळून त्या मुलीला खांद्यावर घेतलं आणि ढोल वाजवत विद्यापीठात पोचवलं. दुसऱ्या दिवसापासून शिष्य पंडिताला विचारत, त्याच्या चुका काढत, आणि मग जोडे घालून गावात जात.

तात्पर्य: उत्तर कुणाकडूनही मिळतं, पण त्याच्या पाठीशी जो उभा राहतो, तोच खरा विद्वान.