शंखकाची गाठ

पूर्वी वेत्रनगरीत राजा जितसेन राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व त्याच्या पागेत घोड्यांचे वैद्य होते.

राजाचा शंखक नावाचा पांढराशुभ्र घोडा होता. एका लढाईत राजा बेशुद्ध पडला, तेव्हा शंखकानेच त्याला पाठीवर घेऊन पुराची नदी पार केली होती. आता तो म्हातारा झाला होता. डोळ्यांवर खळगे पडले होते, आणि जीन आवळायचा तंग बसतो तिथे, छातीखाली, सुपारीएवढी गाठ आली होती.

पौर्णिमेला राजाची स्वारी निघायची होती, आणि राजाला शंखकावरच बसायचे होते. गाठीतून रक्त येते हे कळताच त्याने वैद्यांना बोलावले.

"वैद्यराज, ही कापून टाका. पौर्णिमेला घोडा जीनाखाली उभा राहिला, तर नदीकाठचं गाव तुमचं."

बोधिसत्त्वांनी गाठ चाचपली. घोड्याने कान हलवला, एवढेच.

"महाराज, अशी गाठ कापली तर कधी जाते, कधी दुप्पट होऊन येते. शिवाय या वयात आडवा पाडलेला घोडा पुन्हा उठेलच, असं मी सांगू शकत नाही. मला सात दिवस नुसतं पाहू द्या."

"पाहायला वैद्य कशाला हवा?" घोड्याची निगा राखणारा मोतद्दार पुटपुटला. "त्याला भिंतीपलीकडची सुमना आहेच की."

पागेला लागूनच सुमना माळणीचे घर होते. भिंतीवरून डोकावल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. सगळे हसले. बोधिसत्त्व मात्र सकाळीच भिंतीपाशी गेले.

"बाई, तू रोज बघतेस. काय दिसतं?"

"मला कोण विचारतंय, वैद्यबाबा," ती म्हणाली; पण सांगायला ती टपलेलीच होती. "जीन चढलं की रक्त. नाही चढलं, तर चार-चार दिवस माशीसुद्धा बसत नाही. मोकळा असला की त्याच गाठीवर लोळतो, अगदी सुखात. आणि परवा भिंतीवरून मान घालून माझी अर्धी जाई खाल्लीन्, तेही सांगा राजाला."

सात दिवस जीन उतरवून ठेवले. रक्त थांबले. गाठ होती तशीच राहिली.

चतुर्दशीला राजा पागेत आला. बोधिसत्त्व हात जोडून म्हणाले, "महाराज, घोड्याला त्रास गाठीचा नाही, तंगाचा आहे. आज सुरी उचलली, तर ती शंखकासाठी नसेल, जीनासाठी असेल. गाठ वाढली, चिघळली, त्याचं खाणं तुटलं, तर मी त्याच दिवशी उचलेन. आज नाही. गाव दुसऱ्या कुणाला द्या."

राजाचा चेहरा लाल झाला. "आणि मी बसू कशावर?"

बोधिसत्त्वांनी राजाचा हात धरून गाठीवर ठेवला. शंखकाने मान वळवली, धन्याला हुंगले, आणि आपली जड हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकून डोळे मिटले. राजा जागचा हलला नाही. त्या पुरानंतर शुद्धीवर येताना त्याला पहिल्यांदा जाणवला होता, तो हाच खांद्यावरचा भार.

दुसऱ्या दिवशी स्वारी निघाली. पुढे शंखक, पाठ उघडी, गळ्यात सुमनेने गुंफलेला जाईचा हार. त्याच्या आयाळीवर हात ठेवून राजा पायी चालत होता, म्हाताऱ्या घोड्याच्या चालीने. नगारेवाल्यांचे हात आपोआप थांबले. एवढी मोठी नगरी, पण टापांचा तेवढा आवाज ऐकू येत होता. लोकांनी राजाला हात जोडले की घोड्याला, हे कुणालाच सांगता आले नाही.

शंखक पुढे पाच वर्षे जगला, गाठीसकट.

ही हकिकत सांगून भिक्षूंचे गुरू, शास्ता, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे हा भिक्षू रेवतक, जो आज वृद्ध भिक्षू सोणकांना बळेच काढे पाजतो आहे. शंखक म्हणजे ते सोणक. सुमना म्हणजे दाराआडून ऐकत असलेली ही उपासिका. आणि तो वैद्य मी होतो."

दाराआडची उपासिका लाजली, पण गेली नाही. रेवतकाने काढ्याची वाटी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच सोणकांना विचारले, "भन्ते, तुम्हाला कुठे दुखतं?"

दुखणे कुणाचे आहे ते आधी ओळखावे, मग हात उचलावा. यालाच प्रज्ञेची जोड असलेली करुणा म्हणतात.