कोंडवाड्यातले साहेब

उंबरटाकळी नावाच्या गावात ग्रामपंचायतीचा एक भोळा शिपाई होता. नाव नारबा. अकरा वर्षं तो झाडू, नळाचा कॉक आणि दवंडीचा डफ सांभाळत होता, पण अजून रोजंदारीवरच. त्याला कायम करायचा ठराव दर ग्रामसभेच्या कागदावर लिहिला जाई आणि दर वेळी तसाच राही. कारण शंभर माणसं जमल्याशिवाय कोरम भरत नसे, आणि उंबरटाकळीत शंभर माणसं फक्त जेवणावळीला जमत.

बायको कौसाबाई म्हणे, "पोरीला बघायला आलेले पाहुणे इचारत्यात, वडील कायम का रोजंदारीवर? आन् मी चहाचं निमित्त करून आत जाते. किती चहा करू?"

नारबाला ते फार लागे. मग तो आणखी मन लावून काम करी. सांगितलेलं काम सांगितल्याबरहुकूम करायचं, हा त्याचा बाणा होता. सगळी गडबड तिथंच होती.

शाळेपुढच्या रस्त्यात खड्डा पडला. सरपंच वत्सलाबाई म्हणाल्या, "नारबा, त्या खड्ड्यावर लक्ष ठेव. कुणीतरी पडंल."

नारबा दिवसभर खड्ड्याच्या कडेला बसून राहिला. संध्याकाळी येऊन म्हणाला, "बाई, लक्ष ठेवलं. पाच डाव पडले."

"पाच जण?"

"चौघं. मास्तर जातानाबी पडले आन् येतानाबी."

बाईंनी डोक्यावरचा पदर सावरला. "आरं, पडायची वाट बघत बसतात व्हय? धोका दिसला की त्याच्याभोवती पांढऱ्या फक्कीचं रिंगण मारायचं. लाल फडकं बांधायचं. म्हंजी लोकं लांबून जात्यात."

"बरं," नारबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. बाजारात एक वळू शिरला. लोक सैरावैरा पळाले. नारबाने ओळखलं, हा धोका. त्याने फक्कीची गोणी आणली आणि वळूभोवती झकास रिंगण मारलं. वळू चार पावलं पुढे गेला. नारबाने तिथं नवं रिंगण मारलं. वळू परत पुढे गेला. असं करत अठरा रिंगणं झाली आणि गोणी संपली. मग नारबाने त्याच्या शिंगाला लाल फडकं बांधलं. त्यानंतर बाजार उरला नाही. टोमॅटो होते, पण ते रस्त्याला सारवलेले होते.

आता ग्रामसेवक चिडले. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. ते राहायला तालुक्याला, नोकरीला उंबरटाकळीला, आणि शोधायला गेलं की दोन्हीकडे नसत. ते म्हणाले, "हिंडत्या जनावराला रिंगण मारतात का? गावाचं नुकसान करणारं काही मोकाट दिसलं की सरळ कोंडवाड्यात घाल. मालक आल्याशिवाय सोडायचं नाही. मालक सापडला नाही तर दवंडी द्यायची. सात दिवसांत कुणी आलं नाही तर लिलाव. नियम आहे हा."

नियम म्हटल्यावर नारबाने तो पाठच केला. शिंगरू राखावं तसा त्याने तो दोन दिवस मनात राखला. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याला वत्सलाबाईंचे सासरे दिसले. म्हातारबुवा लोकांच्या वावरातला हरभरा उपटून खात चालले होते. मोकाट तर होतेच, नुकसानही करत होते. नारबाने त्यांना बखोटीला धरलं आणि ओढत नेऊन कोंडवाड्यात घातलं.

वत्सलाबाई धावत आल्या. सासऱ्याच्या सदऱ्याची बाही फाटली होती. त्या म्हणाल्या, "आरं, काही रीतभात हाय का न्हाई? असं ओढत नेत्यात? आधी इचारावं, कोण, कुठले. गोड बोलावं. खायला दाखवलं की माणूस आपल्या पायानं येतो. आन् आपल्या गावातल्या माणसाला पुन्हा कोंडलंस तर याद राख."

"न्हाई कोंडत," नारबा म्हणाला. "आपल्या गावातल्या."

पुढच्या आठवड्यात तालुक्याचे साहेब तपासणीला येणार होते. दरवर्षी ही तपासणी ऑफिसातच होई. साहेब खुर्चीत बसत, पोहे खात, 'जागेवर जाऊन पाहणी केली' असं लिहीत आणि सही ठोकून जात. रस्त्यावरचे दिवे, गटारं, कोंडवाडा, सगळ्याची पाहणी एका बशीत होई. भाऊसाहेबांनी फाइल नारबाच्या हातात दिली. "साहेब आले की ही त्यांच्या हातात दे. मग आम्ही बघतो."

साहेबांची जीप शाळेपुढच्या खड्ड्यात अडकली. फक्की संपल्यामुळे तिथं रिंगण नव्हतं. साहेब उतरून, एकटेच, चिडून, चालत निघाले. वाटेत नारबा.

"कोण म्हणायचं आपण? कुठले?" नारबाने गोड आवाजात विचारलं.

"तालुक्याचा. ही काय रस्त्याची दशा? अर्धी सकाळ फुकट गेली माझी. नुकसान कोण भरून देणार?"

नारबाने मनाशी जुळवलं. मोकाट. बाहेरगावचे. नुकसानीचं तर स्वतःच कबूल करतायत.

"सोबत मालक?"

"मालक कसला? मी सरकारचा माणूस आहे."

"सरकार कधी येनार?"

"सरकार असं येतं का कुठं?"

"आमच्या गावात तर कधीच आलं न्हाई," नारबा म्हणाला. "चला साहेब, पोहे हाईत."

साहेब आपल्या पायांनी कोंडवाड्यात गेले. नारबाने फाटक लावलं, कुलूप घातलं, आणि आठवण ठेवून गजातून फाइल त्यांच्या हातात दिली.

ऊन चढलं. साहेब ओरडले, थकले, आणि दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे त्यांनी फाइल वाचली. त्या फाइलीला वाचणारा माणूस पहिल्यांदाच भेटत होता. तिच्यात लिहिलं होतं की कोंडवाड्यावर बारा पत्र्यांचं नवं छप्पर घातलं आहे. साहेबांनी वर बघितलं. वर सूर्य होता.

तेवढ्यात भाऊसाहेब धापा टाकत आले. साहेब गज धरून म्हणाले, "पत्रे कुठे आहेत?"

भाऊसाहेब टाय नसताना टाय सैल केल्यासारखं करू लागले. नारबाला त्यांची दया आली. हे उत्तर त्याला येत होतं.

"साहेब, पत्रे भाऊसाहेबांच्या तालुक्याच्या घरावर हाईत. मीच चढवले. पक्के बसलेत, काळजी नगं."

"म्हणजे गावाचं एवढं नुकसान तुम्ही केलंत?" साहेब भाऊसाहेबांवर कडाडले.

नारबा दचकला. नुकसान करणारं. बाहेरगावचं. आणि इतकी वर्षं मोकाट. त्याने भाऊसाहेबांना गोड बोलून आत घेतलं, म्हणजे "आत या, सावलीत बोला," असं म्हणाला. सावली नाही हे भाऊसाहेबांना सगळ्यांत आधी ठाऊक असायला हवं होतं, पण ते घाईत होते. साहेब बाहेर पडायच्या आत कुलूप परत लागलं.

मग नारबाने डफ घेतला आणि गावभर दवंडी दिली. "ऐका हो ऐका. कोंडवाड्यात दोन नग हाईत. एक जाडसर, तालुक्याचा, हातात फाइल. दुसरा चष्मेवाला, बारा पत्रे खाल्लेला. ज्यांचे असतील त्यांनी ओळख पटवून घेऊन जावं हो."

गाव लोटलं. भाकरी थापत असलेल्या बाया पिठाच्या हातांनी आल्या. नारबाने एकेकाला विचारलं, "तुमचे का?" जो तो मान हलवून म्हणे, "आमचे न्हाईत."

वत्सलाबाईंनी हात जोडले. "नारबा, कुलूप काढ. तू म्हणशील ते देते. तुला कायम करते."

"कायम करायला कोरम लागतो, बाई."

बाईंनी मागे वळून बघितलं. चारशे माणसं होती, झाडावरची पोरं वेगळी. तिथंच ग्रामसभा भरली. ठराव मांडला, हात वर झाले. कौसाबाईंनी दोन्ही हात वर केले आणि रडू आलं तरी खाली घेतले नाहीत. ठरावाची वही गजातून आत गेली. भाऊसाहेबांनी सही केली. साहेबांनी तर 'जागेवर जाऊन पाहणी केली' असंही लिहिलं, आणि त्यांच्या नोकरीत ते पहिल्यांदाच खरं होतं.

नारबाने वही डोळ्यांना लावली.

"झालास कायम," वत्सलाबाई म्हणाल्या. "आता काढ बाबा कुलूप."

नारबाने किल्ली कनवटीला नीट खोचली आणि फाटकाशी मांडी घालून बसला.

"बाई, रोजंदारीवर होतो तवर तुमच्या शब्दाखातर सोडलंबी असतं," तो म्हणाला. "आता कायमचा मानूस हाय मी. नियम मोडून कसं चालंल? आज पयला दिस. सातव्या दिवशी लिलाव."